त्सुनामी, टोर्नेडो, चक्रीवादळ, भूकंप यात नेमका फरक काय, आणि सोलापूरकरांनी कशाला घाबरायचं

दादा, तुमचे प्रश्न एकात एक गुंतलेत, म्हणून आधी सुटे करून घेतो. भाचीच्या प्रोजेक्टसाठी त्सुनामी आणि टोर्नेडोतला फरक पाहिजे. होटगी रोडकडच्या माळावरचा धुळीचा खांब फिरतानाचा व्हिडिओ तुम्हाला कुणीतरी "सोलापुरात टोर्नेडो" म्हणून फॉरवर्ड केलाय, तो खरा का. आणि डिसेंबरात फॅमिली घेऊन तारकर्लीला चाललाय तर त्सुनामीचं टेन्शन घ्यायचं का. मी आपत्ती व्यवस्थापनाच्या ट्रेनिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत, शाळा, ग्रामपंचायती, आपदा मित्रांच्या (आपत्तीत मदतीसाठी ट्रेन केलेल्या स्वयंसेवकांच्या) बॅचेस, आणि सगळीकडे हाच घोळ दिसतो की लोकांच्या डोक्यात "मोठं काहीतरी येतं आणि सगळं नेतं" असं एकच चित्र असतं, आणि मग त्सुनामी, वादळ, पूर सगळं त्याच खणात टाकून देतात.

फरक बघायचा असेल तर दोनच गोष्टी विचारायच्या. ताकद येते कुठून, आणि कळल्यापासून आपल्याला वेळ किती मिळतो. ती किती मोठी, किती भयानक हे नंतर.

त्सुनामीचा हवामानाशी काही संबंध नसतो, हे पहिलं डोक्यात बसवा. आभाळ निरभ्र, वारा नाही, ऊन मस्त पडलंय, आणि तरी येऊ शकते. २६ डिसेंबर २००४ ला तेच झालं, रविवार सकाळ, नाताळचा दुसरा दिवस, बीचवर गर्दी. आपल्या वेळेनुसार साडेसहाच्या आसपास सुमात्राजवळ समुद्राच्या तळाखाली ९.१ च्या वर तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास १,२०० ते १,३०० किलोमीटर लांबीचा पट्टा फाटत गेला आणि तळ काही ठिकाणी कित्येक मीटर उचलला गेला. तळ उचलला म्हणजे त्याच्यावरचं तीन-चार किलोमीटर उंचीचं सगळं पाणी उचललं गेलं. खरी गोम इथं आहे. नेहमीची लाट वाऱ्याने होते, ती वरच्यावर हलते, थोडं खाली गेलं की पाणी शांत. त्सुनामीत तळापासून वरपर्यंतचं सगळं पाणी हलतं, आणि एका लाटेची लांबी शंभर-दोनशे किलोमीटर किंवा त्याहून जास्त असू शकते, म्हणून किनाऱ्यावर आली की ती फुटून परत जात नाही, पाणी दहा-पंधरा मिनिटं नुसतं आत येतच राहतं.

स्पीडचा हिशोब भाचीला करायला लावा, सातवी-आठवीच्या पोराला जमतो. समुद्राची खोली मीटरमध्ये घ्यायची, त्याला ९.८ ने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं, उत्तर मीटर प्रति सेकंद. ४,००० मीटर खोलीला साधारण २०० मीटर प्रति सेकंद येतं म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर, विमानाच्या जवळपास. १०० मीटर खोलीला ताशी ११० च्या आसपास, आणि १० मीटरला फक्त ३५-३६. म्हणजे किनाऱ्याजवळ येताना ती स्लो होते, आणि स्लो होते म्हणूनच उंच होते. हैदराबाद हायवेवर टोल नाक्याजवळ बघा, पुढच्या गाड्या हळू झाल्या, मागच्या अजून त्याच स्पीडमधे येतायत, सगळ्या एकमेकांच्या बुडाला येऊन चिकटतात, तसं मागचं पाणी पुढच्यावर दाटतं आणि लाट वर चढते. खोल समुद्रात २००४ ची लाट वरून जाणाऱ्या उपग्रहाला जेमतेम ६० सेंटीमीटर दिसली होती, कंबरेएवढीसुद्धा नाही, होडीतल्या माणसाला कळणारसुद्धा नाही. १८९६ ला जपानमध्ये सानरिकू किनाऱ्याचे कोळी रात्री समुद्रात मासेमारी करत होते, त्यांना काही जाणवलं नाही आणि सकाळी परत आले तर गावं नव्हती, २२ हजारांच्या आसपास माणसं गेली होती. आणि त्या संध्याकाळचा भूकंप किनाऱ्यावरच्या लोकांना अगदी किरकोळ वाटला होता, म्हणून कुणी पळालंच नाही. हे उदाहरण मी प्रत्येक ट्रेनिंगला सांगतो कारण लोकांना वाटतं धक्का मोठा तरच त्सुनामी.

उलटंही असतं. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळच ८.६ चा भूकंप झाला, चेन्नईपर्यंत लोक रस्त्यावर आले, इशारे निघाले, आणि मोठी त्सुनामी आलीच नाही, कारण त्यात दोन बाजू एकमेकींना आडव्या घासल्या, तळ वर-खाली फारसा झाला नाही. पाणी उचलायला तळ उचलला पाहिजे किंवा पाण्यात काहीतरी प्रचंड पडलं पाहिजे. दुसरा प्रकार २२ डिसेंबर २०१८ ला इंडोनेशियात झाला, अनाक क्राकाटाऊ ज्वालामुखीची एक बाजूच समुद्रात कोसळली, मोठा भूकंप नाही, इशारा नाही, चारशेच्या वर लोक गेले. इटलीत १९६३ ला वायोंट धरणाच्या जलाशयात डोंगराची अख्खी बाजू घसरली आणि धरण शाबूत राहून वरून पाणी गेलं, खालच्या गावांतले २ हजारांच्या आसपास लोक मेले. (हे वाचून कुणी "उजनीत पण होईल का" विचारेल म्हणून सांगतो, उजनीच्या काठाला तसले उभे कडे नाहीत, ती भीती डोक्यातून काढा. उजनीची भीती वेगळी आहे, ती पुढे येतेच.)

आता टोर्नेडो. याची सगळी गंमत आभाळात. खाली गरम दमट हवा, वर कोरडी थंड हवा, आणि जसजसं वर जाल तसतसा वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत जाणारी, असं तिन्ही जुळून आलं की एखादा मोठा गडगडाटी ढग आतून फिरायला लागतो, आणि त्यातल्या थोड्याच ढगांतून ते फिरणं जमिनीपर्यंत उतरतं. रुंदी बहुतेकदा शंभर-दोनशे मीटर, कधी जास्त, आयुष्य बहुतेक वेळा दहा मिनिटंसुद्धा नाही. पण त्या पट्ट्यात वाऱ्याचा वेग सगळ्यात वरच्या श्रेणीत ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे जातो. एका गल्लीतलं घर साफ आणि पलीकडच्या गल्लीत दोरीवरचे कपडे जागेवर, असं टोर्नेडोत होऊ शकतं, चक्रीवादळात सहसा नाही. अमेरिकेत वर्षाला सरासरी १,२०० च्या आसपास होतात, म्हणून आपल्याला वाटतं तो तिकडचाच प्रकार, पण जगातला सगळ्यात जीवघेणा मानला जातो तो बांगलादेशातला, २६ एप्रिल १९८९ चा दौलतपूर-सतुरियाचा, सुमारे १,३०० लोक गेले. आपल्याकडे ३१ मार्च २०२४ ला बंगालमध्ये जलपायगुडीकडे झाला होता. बंगालच्या उपसागराची दमट हवा आणि वरून कोरडी हवा ही जोडी तिकडे मार्च-एप्रिलमध्ये जमते, आपल्या सोलापुरात एवढी दमट हवा त्या दिवसांत असते कुठं, ओठ फुटतात इथं.

म्हणून तुमच्या व्हिडिओचं उत्तर, ती वावटळ आहे. ओळखायची खूण सोपी, व्हिडिओत आभाळ बघायचं. वावटळ जमीन तापली की खालून वर उठते, वर ढग नसला तरी चालतं, उलट कडक ऊन लागतं, एप्रिल-मेमध्ये दुपारी माळावर, नांगरलेल्या रानात रोज दिसेल. टोर्नेडो ढगाला लटकलेला असतो, काळंकुट्ट आभाळ, बहुधा गाराही. तुमच्या व्हिडिओत मागे निळं आभाळ आहे, विषय संपला. वावटळीने मंडप उडतो, डोळ्यात माती जाते, एखादा सैल पत्रा उडून लागू शकतो, यापुढे फारसं नाही.

मग वळवाच्या पावसात गावातल्या शेडचे पत्रे अर्धा किलोमीटर जाऊन पडतात, केळीची बाग आडवी होते, ते काय? तो बहुतेक वेळा ढगातून धाडकन खाली आदळून चारही बाजूंना पसरणारा वारा असतो. नंतर रानात जाऊन बघायचं, पिकं, झाडं सगळी एका दिशेला किंवा मधून बाहेरच्या बाजूला पडली असतील तर हा प्रकार, आणि गोल पिळवटून एकमेकांवर पडली असतील तर फिरणारा वारा. पंचनाम्याला कुणी हे बघत नाही पण मला बघायची खोड आहे.

चक्रीवादळ आणि टोर्नेडो यात लोक सगळ्यात जास्त गोंधळतात कारण दोन्ही गोल फिरतात. पण टोर्नेडो एका गावात मावतो आणि चक्रीवादळात चार-पाच जिल्हे सहज मावतात. चक्रीवादळाला गरम समुद्र लागतो, साधारण २६-२७ अंशाच्या वर, तेच त्याचं इंधन, म्हणून जमिनीवर आलं की ते मरायला लागतं. ते तयार व्हायला दिवस लागतात, सॅटेलाइटवर दिसतं, हवामान खातं वेगाप्रमाणे पायऱ्या लावतं, ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेलं की चक्रीवादळ म्हणायचं आणि नाव द्यायचं, २२१ च्या वर गेलं तर सुपर सायक्लोन. नावं चक्रीवादळालाच का असतात तर ते आठवडाभर बातम्यात राहतं म्हणून, दहा मिनिटांच्या टोर्नेडोचं बारसं कोण करणार. आणि इशाऱ्याची किंमत बघायची असेल तर ओडिशाच बघा. १९९९ च्या सुपर सायक्लोनमध्ये जवळपास १० हजार लोक गेले, आणि २०१३ ला फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं आणि मृत्यूंचा आकडा काही डझनांवर थांबला. फायलिन काही हलकं नव्हतं.

यात सोलापूरचा संबंध नाही असं समजू नका. १३ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातलं एक डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालचं, आंध्रात काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं, हैदराबाद बुडवलं आणि तसंच सरळ आपल्याकडे सरकलं. वारा मेला होता पण पाणी सगळं घेऊन आलं. पंढरपुरात कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जण गेले, भीमा दुथडी, अक्कलकोटपर्यंत रानं पाण्यात. म्हणून मी म्हणतो, सोलापूरकराने अरबी समुद्रापेक्षा बंगालच्या उपसागराकडे लक्ष ठेवायचं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर नक्कीच. विशाखापट्टणमची बातमी आपली नाही असं समजून चॅनेल बदलू नका.

भूकंप तर तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला पाच मिनिटं कमी, गणपती विसर्जनाची रात्र, लोक दमून नुकते झोपले होते. किल्लारी आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत, इथंही भांडी पडली, लोक पुढे कित्येक रात्री अंगणात झोपले. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे सुमात्राच्या मानाने काहीच नाही, तरी दहा हजारांच्या आसपास लोक गेले. कारण माती-दगडाच्या जाड भिंती आणि वर माळवदाची माती, दरवर्षी थर चढवून चढवून टनांनी वजन. लोक भूकंपाने नाही, छतामुळे मेले. आणि वेळ किती मिळाला, शून्य.

आता हे सगळं वेळेच्या पट्टीवर मांडा. भूकंपात काही सेकंद. टोर्नेडोत अमेरिकेसारख्या रडारच्या जाळ्यातही सरासरी दहा मिनिटांच्या आसपास. त्सुनामीत तुम्ही कुठं आहात त्यावर, २००४ ला कार निकोबारला काही मिनिटांत पाणी आलं, तिथल्या हवाई दलाच्या तळावर शंभराच्या वर जवान आणि कुटुंबातले लोक गेले, आणि नागपट्टणमला पोचायला दोन तासांच्या वर लागले. दोन तास! चालत चालत दोन-तीन किलोमीटर आत गेलं तरी बहुतेक जण वाचले असते, पण सांगणारं कुणी नव्हतं कारण हिंदी महासागरात तेव्हा त्सुनामीची यंत्रणाच नव्हती. भारतात दहा हजारांच्या वर लोक गेले. चक्रीवादळात चार-पाच दिवस मिळतात. दुष्काळात महिने मिळतात, आणि तरी आपण काही करत नाही, ते एक वेगळंच दुखणं.

आणि इथंच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, काय करायचं ते प्रत्येकात उलटं आहे. टोर्नेडोत खाली जायचं, तळघर, नाहीतर खालच्या मजल्यावर मधली बिनखिडकीची खोली, कारण तिथं मारतो तो उडून येणारा पत्रा, काच, लाकूड. त्सुनामीत वर आणि आत जायचं, तळघर म्हणजे सापळा, कारण तिथं मारतं ते पाण्याचं वजन. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, हवेच्या आठशे पट जड, ताशी तीस-पस्तीसने येणारं गुडघाभर पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडतं आणि त्यात गाड्या, होड्या, पत्रे सगळं मिसळलेलं असतं. भूकंपात हादरे चालू असताना पळायचं नाही, टेबलाखाली डोकं झाकून बसायचं, पण तोच भूकंप तुम्हाला समुद्रकिनाऱ्यावर बसला तर हादरे थांबल्याबरोबर उंचावर पळायचं, सायरनची वाट बघायची नाही. एकच पोस्टर करून सगळ्या आपत्तींना एकच सूचना छापणाऱ्यांवर माझा राग याचसाठी.

सोलापुरात त्सुनामी येणार नाही हे वेगळं सांगायला नको, आपण समुद्रापासून अडीचशे किलोमीटरच्या वर आणि साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर. २०११ ला जपानमध्ये सेंदाईच्या सपाट जमिनीवर पाणी पाच किलोमीटरच्या आसपास आत आलं होतं, त्यावरून अंदाज करा. गंमत अशी की देशाचं त्सुनामी इशारा केंद्र मात्र आपल्याच हायवेवर पुढे आहे, हैदराबादला, इन्कॉइसमध्ये, २००७ पासून चालू. समुद्रात मोठा भूकंप झाला की साधारण दहा मिनिटांत त्यांचं पहिलं बुलेटिन निघतं आणि मग समुद्रतळावरचे प्रेशर मोजणारे सेन्सर आणि किनाऱ्यावरचे भरती मोजणारे मीटर बघून ते खरं-खोटं करतात.

आपली खरी यादी वेगळी. नदीकाठच्या गावांना दौंडचा विसर्ग (म्हणजे उजनी धरणात येणारं पाणी) किती चालू आहे आणि उजनीतून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) सोडलंय, वीर धरणातून नीरेला किती आलंय, हे तीन आकडे कळले की नीरा-भीमेच्या संगमापासून पंढरपूरपर्यंत काय होणार ते बरेच तास आधी कळतं, पुरासारखी हिशोबात बसणारी आपत्ती दुसरी नाही. पण सीना तशी नाही, तिच्यात वरच्या पावसाचं पाणी झटक्यात येतं, सप्टेंबर २०२५ ला माढा, मोहोळ, करमाळ्याच्या लोकांनी ते बघितलंय. मग वीज. एप्रिल-मे-जूनला आणि परतीच्या पावसात रानात काम करणारी, मेंढरं राखणारी माणसं जातात, झाडाखाली थांबतात म्हणून. दामिनी ॲप पुण्याच्या आयआयटीएमने केलंय, फुकट आहे, घरातल्या एकाच्या तरी फोनमध्ये पाहिजे. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, पक्कं घर किंवा बंद काचांची गाडी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच. गारपीट डाळिंब-द्राक्षवाल्यांना सांगायची गरज नाही, २०१४ ची आठवण पुरे. उन्हाळ्याचा तडाखा तर आपण आपत्ती धरतच नाही, ४३-४४ झालं तरी दुपारी लग्नं लावतो.

भाचीच्या प्रोजेक्टमध्ये त्सुनामी-टोर्नेडोचे रकाने करताना "वेळ किती मिळतो" आणि "कुठं जायचं" असे दोन रकाने घालायला सांगा, नेटवरच्या तयार तक्त्यात ते नसतात.

राहिलं तारकर्ली. अरबी समुद्रात त्सुनामी अशक्य नाही, २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे मकरान किनाऱ्याजवळ, म्हणजे आताच्या पाकिस्तानकडे, ८.१ चा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईतसुद्धा पाणी चढलं, माणसं गेली. पण अशी वेळ अत्यंत क्वचित, आणि मकरानहून कोकणात यायला काही तास लागतात, तेवढ्यात इशारा पोचतो. तरी पोरांना दोन गोष्टी शिकवून न्या. बीचवर जमीन बराच वेळ हलली किंवा पाणी अचानक नेहमीपेक्षा खूप लांब मागे गेलं तर शिंपले गोळा करायला पुढे जायचं नाही, सरळ उंचावर. थायलंडमध्ये मायखाओ बीचवर टिली स्मिथ नावाच्या दहा वर्षांच्या मुलीने हेच शाळेत नुकतं शिकलेलं ओळखलं आणि अख्खा बीच रिकामा करायला लावला. पण पाणी दरवेळी आधी मागे जातंच असं नाही, कधी थेट चढतं. दुसरं, पहिली लाट गेली म्हणून खाली यायचं नाही, मागच्या लाटा मोठ्या असू शकतात आणि तासतासभराने येतात. स्कूबाच्या बोटीत खोल समुद्रात असाल आणि इशारा आला तर किनाऱ्याकडे धावू नका, बोटवाल्याला बाहेरच राहू द्या.

बाकी तारकर्लीत डिसेंबरात मला विचाराल तर त्सुनामीपेक्षा जास्त काळजी पाण्यात उतरण्याची वाटते, आपल्याकडचे लोक तळ्यात पोहायला शिकलेले आणि समुद्राच्या ओढीचा अंदाज नसतो. भरती-ओहोटीची वेळ लाइफगार्डला किंवा जवळच्या कोळ्याला विचारून मगच उतरा, आणि जेवून लगेच नको.